अंधार राखून मांडलेला डाव

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत पसरलेल्या डोंगराळ पट्ट्यात, मे महिन्याच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरीपर्यंतच्या रात्री काजव्यांच्या असतात. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती वसलेल्या शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या अकोले तालुक्यातील गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांवर या दिवसांत काजवे दाटी करतात आणि एखादे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच ठेक्यात उजळते, विझते, पुन्हा उजळते. येथील बरेचसे रान 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. अलीकडच्या वर्षांत येथे काजवा महोत्सव भरू लागल्यापासून मुंबई, पुणे, नाशिक आणि खुद्द अहिल्यानगर शहरातून कुटुंबेच्या कुटुंबे रात्री घाट चढून येतात. त्यांना ज्या सूचना केल्या जातात त्यांचा आशय थोडक्यात असा, की गाडीचे दिवे मालवावेत, झाडावर विजेरी मारू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत आणि काजवे पकडू नयेत. म्हणजे काजवे पाहायला आलेल्या माणसाकडून अपेक्षा असते ती केवळ अंधार न मोडण्याची.

अंधारात चमकणाऱ्या वस्तू घेऊन घरातल्या घरात, लहानथोरांनी मिळून खेळांची एक रात्र मांडायची झाली तर हीच अपेक्षा मुळाशी धरावी लागते, असे प्रतिपादन या लेखात केले आहे. अशा खेळरात्रीची कल्पना आता शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावांतही रुजू लागली असली, तरी बहुतेक घरांत तिची सुरुवात उलट्या टोकाने होते: आधी चमकणारी कांकणे, चेंडू, चिकटपट्ट्या यांची खरेदी उरकली जाते आणि दिवा मालवल्यावर ध्यानात येते, की रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा पांढरा झोत खिडकीतून थेट भिंतीवर पडतो आहे, इन्व्हर्टर, राउटर आणि टीव्ही यांचे हिरवे-लाल ठिपके कोपऱ्याकोपऱ्यांत जागे आहेत आणि कोणाच्या तरी हातात मोबाईलचा पडदा उजळतो आहे. मग चमकणाऱ्या वस्तू फिक्या पडतात, मुले हिरमुसतात आणि दोष वस्तूंच्या माथी मारला जातो. वास्तविक चमक विकत मिळते. अंधार मात्र प्रत्येक घराला आपल्या हाताने घडवावा लागतो, आणि खेळाची निम्मी तयारी तीच असते.

मराठी घरांना रात्रीचे खेळ नवे नाहीत. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजून झाल्यावर झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणे असे खेळ पहाटेपर्यंत चालत, आणि जागरण हा त्या व्रताचाच भाग असल्यामुळे सासरी बंधनात असलेल्या मुलींनाही त्या रात्री मोकळीक मिळे. कोजागरीला गच्चीवर किंवा अंगणात आटवलेल्या दुधाभोवती बसून भेंड्या आणि पत्ते रंगतात. पण या दोन्ही रात्री उजेडाच्या आहेत. एकीत समयांचा उजेड असतो, दुसरीत पौर्णिमेचा. निखळ अंधारातल्या खेळांची सवय ग्रामीण महाराष्ट्राला लागली ती 2000 नंतरच्या दशकातील प्रदीर्घ भारनियमनामुळे, म्हणजे मागणीच्या मानाने वीज अपुरी पडल्यामुळे तासन्‌तास पाळीपाळीने होणाऱ्या वीजकपातीमुळे. त्या काळात वाढलेल्या पिढीला कंदिलासमोर दोन्ही हात धरून भिंतीवर हरिण, कुत्रा, गरुड उठवणे, आवाजावरून माणूस ओळखणे, अंथरुणात पडल्या पडल्या गावांच्या नावांच्या भेंड्या लावणे हे सारे अवगत होते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी छायाबाहुल्यांच्या खेळातून जी कला जोपासली, तिचे एक घरगुती भावंड अशा रीतीने कंदिलाच्या काचेमागे नांदत होते. वीज आली, त्याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र विजेबरोबर हे खेळही निघून जावेत असा काही नियम नव्हता.

अहिल्यानगर जिल्ह्यात रात्रीचा खेळ अंगणाऐवजी घरात मांडण्याला आणखी एक ठोस कारण आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस हा बिबट्यांना बारा महिने आडोसा देतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीच्या प्रदेशात, जेथे नावाला जंगल नव्हते आणि दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहत होती, स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांनुसार तेथे दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 4.8 प्रौढ बिबटे वावरत होते. शेतीपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळत असल्यामुळे शेतकऱ्याला बॅटरी घेऊन त्याच उसात दारे धरायला जावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे झाला, ती याच गरजेतून. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यात वस्तीवर राहणाऱ्या घरांत दिवेलागणीनंतर मुलांना अंगणात सोडत नाहीत. लपाछपी आणि डबा ऐसपैस यांसारखे सांजवेळचे खेळ तेथे आपोआप आटले आहेत. अशा घरातल्या मुलांच्या दृष्टीने अंधार ही केवळ धास्तीची गोष्ट उरते, आणि चार भिंतींच्या आत, आजी-आजोबांच्या व आई-वडिलांच्या सोबतीने, त्याच अंधाराशी मैत्री करण्याची संधी मिळणे ही लहानसहान बाब नव्हे.

अंधार घडवायचा म्हणजे काय, हे डोळ्याच्या रचनेवरून उमगते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात: सुमारे 60 लाख शंकुपेशी, ज्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात, व सुमारे 12 कोटी दंडपेशी, ज्या अगदी मंद उजेडही टिपतात पण ज्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशींना पूर्ण जागे होण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात कोणी क्षणभर मोबाईल उघडला तर ती कमाई वाया जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी जवळजवळ नसतातच; त्यामुळे अतिशय अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहिले तर ती दिसेनाशी होते आणि किंचित बाजूला पाहिले तर पुन्हा दिसू लागते. मुलांना हे सांगण्याऐवजी त्यांच्याकडून करवून घ्यावे. चकित होण्यासारखा हा अनुभव आहे. दंडपेशींना तांबड्या प्रकाशाची जाण फार थोडी असल्यामुळे मधेच कशासाठी उजेड लागलाच तर विजेरीच्या तोंडावर लाल पतंगाच्या कागदाचे दोन-तीन थर बांधावेत. अशा मंद उजेडात एखादे मूल इतरांच्या मानाने सारखे अडखळत असेल, तर ती गोष्ट थट्टेवारी न नेता त्याला डॉक्टरांकडे दाखवावे, कारण रातांधळेपणाची पहिली खूण अशीच दिसते.

यातून खोली कोणती निवडावी हे ठरते. ज्या खोलीला एकच खिडकी आहे ती उत्तम. खिडकीवर घोंगडे किंवा जाड सतरंजी टांगावी, दाराखालच्या फटीला चादर लावावी, यंत्रांचे दिवे इन्सुलेशन टेपच्या तुकड्यांनी झाकावेत. देव्हाऱ्यात नंदादीप तेवत असेल तर तो अर्थातच विझवायचा नाही. खेळ दुसऱ्या खोलीत न्यावा. स्टूल, तिपाई, पाट, पायात येणाऱ्या वायरी बाहेर काढून जमिनीवर गाद्या पसराव्यात आणि खाटेचे व कपाटाचे कोपरे चमकत्या पट्टीने आखून ठेवावेत, कारण उतारवयात डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अधिक वेळ लागतो आणि आजोबा धडपडले तर सगळ्या रात्रीचा विरस होतो.

आता चमकणाऱ्या वस्तूंविषयी. बाजारात आणि बोलण्यात या सगळ्यांना सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. मेरी आणि प्येर क्युरी यांनी 1898 साली शोधलेले रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या तबकड्यांवरील आकडे रंगवण्यासाठी खरोखरच वापरले जाई, आणि तो रंग कुंचल्याने लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार स्त्रियांना त्यापायी जबड्याचे व हाडांचे भीषण आजार जडले. आजच्या पट्ट्या, चांदण्या, स्टिकर यांत रेडियमचा अंशही नसतो, तेव्हा पालकांनी त्या बाबतीत निश्चिंत राहावे. मात्र या एका नावाखाली चार अगदी भिन्न प्रकारचे पदार्थ विकले जातात आणि त्यांतला फरक ठाऊक नसेल तर खेळ फसतो.

पहिला प्रकार परावर्तक पट्टीचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी वाहनांच्या नंबरपाट्या कापून देणाऱ्या दुकानात ती मिळते, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांना मागून ती लावावी म्हणून कारखाने आणि पोलीस आग्रह धरतात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला, तेथील मुलांनी लाल-पांढरी झळाळणारी ही पट्टी रस्त्यावर शेकडो वेळा पाहिलेली असते. ही पट्टी स्वतः मुळीच प्रकाशत नाही. तिच्या पृष्ठभागात काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्लास्टिकचे इवले लोलक बसवलेले असतात आणि ते आपल्यावर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत धाडतात. म्हणून ती घरी आणून दिवा मालवला तर काहीच दिसत नाही. पण तिचा हाच गुण एका सुरेख खेळाच्या कामी येतो. पट्टीचे नखाएवढे तुकडे भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, खाटेच्या पायावर चिकटवून ठेवावेत आणि प्रत्येक खेळाडूने छोटी विजेरी कानशिलाला टेकवून त्यांचा शोध घ्यावा. विजेरी डोळ्याजवळ असेल त्यालाच तुकडा ठिणगीसारखा लखलखताना दिसतो. शेजारी बसलेल्या आजीच्या डोळ्यांपर्यंत परतलेला प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे तिला तेथे कोरी भिंत दिसते. मग विजेरी आजीच्या हाती द्यावी. ट्रॉलीच्या मागे पट्टी का लावायची आणि ती मातीने माखली तर अपघात का होतो, हे मुलांना त्या क्षणी जितके पटते तितके कोणत्याही फलकाने पटत नाही.

दुसरा प्रकार स्फुरदीप्त पदार्थांचा, म्हणजे उजेडात ठेवल्यावर ऊर्जा साठवून ती अंधारात हळूहळू सोडणाऱ्या पदार्थांचा. छताला चिकटवायच्या हिरवट चांदण्या या जातीच्या. जुन्या पद्धतीच्या वस्तूंत जस्ताचे सल्फाइड असे आणि ती चमक बघता बघता मावळे. 1990 च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट या पदार्थाची चमक कित्येक पटींनी तेजस्वी असून ती मंदपणे का होईना, पण काही तास टिकते. तिचा हिरवा रंग दंडपेशींना विशेष भावणाऱ्या निळसर हिरव्या प्रकाशाच्या निकटचा असल्यामुळे सरावलेल्या डोळ्यांना ती उशिरापर्यंत दिसत राहते. या वस्तू दुपारी गच्चीवर काही मिनिटे उन्हात ठेवून लगेच डब्यात बंद केल्या तरी रात्रीपर्यंत बरीच चमक गळून जाते. म्हणून खेळाच्या तोंडाशी त्यांना पुन्हा लख्ख उजेड दाखवावा.

तिसरा प्रकार सर्वांत रंगतदार, आणि त्याच्यासाठी बहुतेक सामान घरातच असते. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून त्याच क्षणी दिसणारा प्रकाश बाहेर टाकणे या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. मलेरियावरच्या क्विनीनच्या द्रावणात दिसणारी निळी झाक अभ्यासून जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 साली तिची उपपत्ती मांडली. नोटा तपासायला दुकानदार वापरतात ती जांभळट प्रकाशाची छोटी अतिनील विजेरी येथे पुरते. तिच्या उजेडात धुण्याच्या पावडरने धुतलेला पांढरा सदरा निळसर शुभ्र पेटल्यासारखा दिसतो, कारण कपडे पांढरेधोट दिसावेत म्हणून पावडरीत प्रतिदीप्त द्रव्ये मिसळलेली असतात. हायलाइटरची रेघ, दिवाळीच्या बाजारातील भडक गुलाबी, पोपटी, नारिंगी रांगोळीच्या काही छटा, आणि खऱ्या नोटेवरचे क्रमांक व तिच्यात विखुरलेले तंतूही उजळतात. चमचाभर हळद पाण्यात कालवली तर ती या प्रकाशात गढूळच राहते, पण वाटीभर तेलात कालवून थोडी निवळू दिली की वरचे तेल हिरवट पिवळ्या तेजाने भरून जाते, कारण हळदीतले कुर्कुमिन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते आणि विरघळल्यावरच नीट चमकते. पालकाची दोन पाने हातांना लावायच्या सॅनिटायझरमध्ये चुरडून गाळली तर दिवसा हिरवागार दिसणारा तो अर्क अतिनील विजेरीखाली रक्तासारखा लाल दिसतो. पानांतले हरितद्रव्य शोषलेला प्रकाश तांबड्या रूपात परत देत असते. सॅनिटायझर पेट घेतो, म्हणून हा प्रयोग पणत्यांपासून दूर आणि वडीलधाऱ्यांच्या हातूनच व्हावा. आणखी एक इशारा त्याहून महत्त्वाचा आहे. कोरोनाच्या काळात जंतू मारण्यासाठी म्हणून जे अतिनील दिवे घरोघर आले ते सर्वस्वी वेगळे असून त्यांच्या प्रकाशाने डोळे व त्वचा अक्षरशः भाजते. ते या कामी चुकूनही वापरू नयेत, आणि साधी अतिनील विजेरीही कोणाच्या डोळ्यांवर रोखू नये. विंचवाचे अंग या प्रकाशात निळसर हिरवे चमकते, ही निसर्गातली एक विलक्षण गोष्ट आहे. जिराईत भागातल्या दगडी घरांत खेळ मांडण्यापूर्वी भिंतीच्या कडेने आणि अडगळीच्या कोपऱ्यांतून ही विजेरी एकदा फिरवणे शहाणपणाचे ठरते.

चौथा प्रकार जत्रेत, दांडियात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत विकल्या जाणाऱ्या वाकवून कट्‌कन मोडायच्या कांड्यांचा. आतली काचेची नळी फुटली की दोन रसायने एकत्र येऊन त्यांच्या क्रियेतून प्रकाश निघतो. कोमट पाण्यात ती क्रिया वेगाने होऊन कांडी तेजाळते पण लवकर संपते, आणि फ्रिजमध्ये ठेवल्यास मंदावून अधिक काळ चालते. कांडी फुटली तर आतला द्रव झोंबतो, म्हणून सगळे तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना त्या देऊ नयेत. एकदा वापरून कचऱ्यात जाणारी ही वस्तू टाळता आली तर उत्तमच. खेळाचे काही अडत नाही.

खेळ कोणते खेळावेत, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. चल्लस-आठ, ज्याला कित्येक गावांत अष्टाचल्लस म्हणतात, तो पाच गुणिले पाच घरांचा आणि चार कवड्यांचा खेळ अतिनील प्रकाशासाठीच जन्मला असावा असे वाटते. धुतलेल्या जुन्या पांढऱ्या चादरीवर काळ्या मार्करने पट आखावा, फुल्यांची घरे हायलाइटरने भरावीत, सोंगट्यांऐवजी वेगवेगळ्या रंगांच्या रांगोळीने माखलेली बटणे घ्यावीत, आणि कवड्यांच्या फटीत पोपटी पोस्टर रंगाचा एक टिपका द्यावा. दिवा मालवून विजेरी छताच्या हुकाला टांगली की खोलीत फक्त तो पट तरंगत असल्यासारखा राहतो; टाकलेल्या कवड्यांपैकी उताणी पडलेली तेवढी डोळे उघडते, चारही उताण्या पडल्या तर चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर काहीच न दिसता आठाचे दान पडते. चारही टिपके एकदम नाहीसे झाल्यावर जो गलका उठतो तो साध्या उजेडातल्या डावात उठत नाही. लगोरीही जमते: सात चपट्या दगडांच्या जागी पुठ्ठ्याचे सात तुकडे, प्रत्येकाच्या कडेला स्फुरदीप्त पट्टी, आणि रबरी चेंडूऐवजी चिंध्यांचा चेंडू, म्हणजे अंधारात कोणाला लागण्याची धास्ती नको. आंधळ्या कोशिंबिरीत तर मूळ नियमच बदलतो. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याची गरज उरत नाही, कारण सगळेच सारखे आंधळे झालेले असतात. प्रत्येकाच्या मनगटावर चमकती पट्टी बांधावी आणि ती फक्त तीन वेळा बाहीखाली दडवण्याची मुभा द्यावी.

पण या सर्वांहून मोलाचा खेळ काजव्यांकडून उचलता येतो. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक असून त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णताहीन असा प्रकाश निघतो. अळीच्या रूपात महिनोन्‌महिने ओलसर मातीत गोगलगायी खाऊन काढल्यावर प्रौढ काजव्याला जोडीदार शोधण्यासाठी अवघे काही दिवस किंवा आठवडे मिळतात, आणि त्या अवधीत त्याची भाषा म्हणजे लुकलुकण्याचा ठरावीक ठेका. घरात हे असे मांडावे: चिठ्ठ्यांवर ठेके लिहावेत, जसे दोन आखूड एक लांब, किंवा तीन आखूड, प्रत्येक ठेक्याच्या दोन चिठ्ठ्या कराव्यात, आणि पिवळ्या कागदाने झाकलेल्या विजेऱ्या घेऊन सर्वांनी खोलीत विखरावे. तोंडातून शब्द न काढता केवळ लुकलुकण्यावरून प्रत्येकाने आपला जोडीदार हुडकायचा. एक चिठ्ठी मात्र कोरी ठेवायची. अमेरिकेतील फोटुरिस या काजव्यांच्या माद्या दुसऱ्या जातींच्या ठेक्याची नक्कल करून नरांना जवळ बोलावतात आणि खातात, असे जेम्स लॉइड यांनी 1965 साली दाखवून दिले होते. कोरी चिठ्ठी ज्याला येईल त्याने तसेच दुसऱ्याचा ठेका उचलून गडी टिपायचे. मोबाईलचा पडदा एकदा उजळला की हा डाव कोलमडतो, आणि रस्त्यावरच्या प्रखर दिव्यांमुळे काजव्यांची वीण का खुंटते हे सातवीतल्या मुलालाही कोणी न समजावता कळते. शेवटी सर्वांनी गोल बसून, कोणीही म्होरक्या न होता, शेजाऱ्याचा ठेका पाहून आपला किंचित पुढेमागे करीत, सगळ्या विजेऱ्या एकदम लुकलुकेपर्यंत प्रयत्न करावा. हे साधायला बराच वेळ लागतो आणि साधले की कुटुंबातले सर्वांत अबोल माणूसही हसते.

क्रमाचे भान ठेवावे: अतिनील प्रकाशाचे तेजस्वी खेळ आधी, मग पट्ट्यांचे, आणि डोळे पुरते सरावल्यावर काजव्यांचा. खाण्याची वेळही त्याच अंधारात यावी, मात्र चमकत्या रंगांचे हात आधी स्वच्छ धुऊन. भाऊबीजेच्या सुमारास आतेमामे भावंडे जमलेली असतात आणि फराळाचे डबे अजून भरलेले असतात. करंजी, शंकरपाळे, चकली, अनारसा हे स्पर्शाने लगेच ओळखू येतात, पण बेसनाचा लाडू की रव्याचा, हे हाताने सांगू शकणारे माणूस घरात बहुधा एकच असते, आणि ते ज्यांनी वळले त्यांच्यापैकी असते.

अंधाराचा खेळ होतो तो बटण दाबून उजेड करता येणाऱ्या घरांत, हे या जिल्ह्यात लिहिताना विसरता येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळी आटोपताच बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुढचे काही महिने पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोपीत राहतात. तेथली मुले पहाटेच्या काळोखात जागी होतात, त्याच काळोखात आई-बाप फडावर जातात, आणि पट्टी नसलेल्या ट्रॉलीची टक्कर किंवा फडातला बिबट्या हे त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातले विषय नसतात. या मुलांना चमकत्या कांकणांचे कौतुक दाखवण्यात अर्थ नाही. पण परावर्तक पट्टी कशी काम करते आणि अतिनील विजेरीने विंचू कसा दिसतो हे त्यांना खेळातून कळणे फार गरजेचे आहे. साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शाळेत, किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत खोली काळोखी करता येत नसेल तर बुटाचे खोके पुरते. खोक्याला आतून काजळी किंवा काळा पोस्टर रंग फासावा, एका टोकाला डोळ्यापुरते भोक पाडावे, त्याच्या लगत विजेरीच्या तोंडाएवढे दुसरे भोक पाडून ते बुचाने बंद करावे, आणि समोरच्या आतल्या भिंतीवर वरच्या बाजूस ट्रॉलीच्या पट्टीचा व खालच्या बाजूस छताच्या चांदणीचा तुकडा लावावा. झाकणाच्या फटी काळ्या कापडाने मिटवून दुपारच्या उन्हात मुलाने डोळा लावला की आधी नुसता काळोख दिसतो. बूच काढून विजेरी क्षणभर आत दाखवली की वरचा तुकडा झळाळतो, आणि विजेरी काढून बूच बसवल्यावर तो विझून खालचा उरतो. मग मुलाला विचारावे, की ट्रॉलीच्या मागे यांपैकी कोणता लावायचा आणि का.